घरच्या गॅसवर नूडल्सचा लगदा का होतो, आणि वीस मिनिटांत, कमी पैशांत चांगल्या कशा जमतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोघं मित्र एका खोलीत राहता. एका बर्नरची शेगडी, एक नॉनस्टिक कढई आणि घरमालकाच्या फ्रिजमधला एक कप्पा एवढीच सोय आहे. रात्री आठला दमून आल्यावर चायनीज नूडल्स करायला घेता, तर नूडल्सचा लगदा होतो, भाज्या उकडल्यासारख्या लागतात आणि कढईच्या तळाला काळं पाणी उरतं. दर वेळी एखादा नवा सॉस आणून पाहता, पण फरक पडत नाही. म्हणून विचारताय की गाडीवाले असा कोणता सॉस घालतात, आणि त्यासाठी लोखंडी कढई घ्यावीच लागेल का.

आधी सॉसचं सांगतो. गाडीवरचा सॉस तुमच्याकडे आहे तसाच असतो, बहुतेक वेळा तुमच्याहून स्वस्तातला, पाच लिटरच्या कॅनमधला. मी हॉटेलात चायनीजच्या भट्टीवर काम केलं, मग स्वतःची गाडी लावली आणि आता टिफिन नि लहानसहान ऑर्डरी करतो. टिफिनचं काम घरगुती शेगडीवरच चालतं, त्यामुळे दोन्ही आगी हाताखालून गेल्या आहेत. तुमचं अडतंय ते पाण्यापाशी. कढईत जेवढं पाणी जातं तेवढं उडवण्याची ताकद तुमच्या शेगडीत नाही.

हिशेब करून बघा. पाणी उकळायला लागल्यानंतर त्यातल्या १०० मिलीची वाफ करायला साधारण २२६ किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो आणि त्यातली निम्मी उष्णता कढईच्या बाजूने निघून जाते. म्हणजे १०० मिली पाणी उडायला तीन मिनिटं तरी गेलीच. तेवढा वेळ नूडल्स गरम पाण्यात बसून राहतात, म्हणजे दुसऱ्यांदा शिजतात. हॉटेलची भट्टी घरच्या बर्नरच्या आठ-दहा पट ताकदीची असते. तिथे तेच पाणी पंधरा-वीस सेकंदांत चुर्र होऊन जातं. आणि १०० मिली म्हणजे फार नाही. कोबीत ९२ टक्के पाणी असतं, ढोबळी मिरचीत त्याहून थोडं जास्तच. न निथळलेल्या नूडल्सनी पाव वाटी आणलं, मीठ लागल्यावर भाज्यांनी तेवढंच सोडलं, वर दोन-तीन चमचे सॉस पडला की झालं.

तेव्हा आग वाढवता येत नसेल तर पाणी कमी करायचं. पुढचं जे काही सांगतोय ते सगळं त्यासाठीच आहे.

नूडल्सपासून सुरुवात करू, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. किराणा दुकानात ‘हक्का नूडल्स’ म्हणून १५० ग्रॅमचं पाकीट मिळतं, त्यात दोघांचं भागतं. पाकिटामागे घटक वाचा: मैदा, मीठ, आणि ५०० किंवा ५०१ असे आकडे दिसतील. ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे क्षार. या क्षारामुळे मैद्याच्या नूडल्सना पिवळसर झाक येते आणि चावताना किंचित रबरी ताण लागतो. चीन-जपानमध्ये गव्हाच्या कित्येक नूडल्स अशाच क्षारयुक्त पाण्यात मळतात. हक्का नूडल्स मिळाल्या नाहीत आणि घरात स्पॅगेटी पडून असेल, तर ती उकळताना लिटरभर पाण्याला एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. पाणी फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं घ्या आणि नंतर स्पॅगेटी दोनदा धुवा. चव बरीचशी हक्कासारखी येते. शेवयांचा मात्र मोह नको. गव्हाच्या असोत की रव्याच्या, त्या इतक्या बारीक असतात की परतताना तुटून उपमाच होतो. उपमा हवा असेल तर त्या उत्तमच आहेत.

मसाल्याच्या पुडीसोबत येणारी झटपट नूडल्सची वडी वेगळी. तो प्रकार १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी जपानमध्ये आणला. नूडल्स वाफवून तळायच्या म्हणजे पाणी उडून जातं आणि जाळी पडते, मग गरम पाणी घातलं की दोन मिनिटांत मऊ. तळलेली असल्यामुळे वडीच्या वजनाचा सहावा-पाचवा हिस्सा तेल असतं. ती परतण्यासाठी वापरायचीच असेल तर दीड मिनिटात बाहेर काढा आणि पुढे तेल निम्मं करा. पण ती तुटते, वळणावळणाची असल्यामुळे एकमेकींत अडकते, आणि किलोचा भाव काढलात तर हक्काच्या पाकिटापेक्षा फारशी स्वस्तही पडत नाही.

उकळायचं असं. १५० ग्रॅमला दीड-दोन लिटर पाणी हवं. कमी पाण्यात पिठाचा चिकटा दाट होतो आणि नूडल्स एकमेकींना धरतात. पाणी खळखळून उकळल्यावर दीड छोटा चमचा मीठ घाला. नूडल्स मोडू नका, टाका, अर्धं मिनिट थांबा आणि काट्याने सोडवा. पाकिटावर चार मिनिटं लिहिलं असेल तर तुम्ही तीनच्या आधीपासून तपासायला लागा. एक धागा काढून नखाने तोडायचा; मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. पूर्ण शिजू दिल्यात तर पुढे कढईत त्यांना शिजायला जागाच उरत नाही.

लगेच चाळणीत ओता आणि नळाखाली धरा, गार होईपर्यंत. हाताने चोळत धुवायचं, म्हणजे वरचा चिकटा जातो. निथळायला दोन मिनिटं चाळणीतच ठेवा, मध्ये दोन-तीनदा चाळणी आपटा. मग एक छोटा चमचा तेल लावून परातीत किंवा मोठ्या ताटात पसरा, ढीग करू नका. पंख्याखाली दहा मिनिटं. गाडीवर आम्ही हे काम दुपारीच उरकायचो, त्यामुळे संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत नूडल्स गार आणि वरून कोरड्या ठणठणीत झालेल्या असायच्या. गाडीच्या चवीचा मोठा वाटा या कोरडेपणात आहे. घरी सगळे गरमागरम ओल्या नूडल्स थेट कढईत टाकतात आणि मग सॉसला दोष देतात.

जमत असेल तर सकाळीच उकडून झाकणाच्या डब्यात घालून तुमच्या वाट्याच्या कप्प्यात ठेवा. रात्री आठ मिनिटांत जेवण होतं. उकडलेल्या नूडल्स बाहेर दिवसभर ठेवू नका, विशेषतः पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये. भातावर आणि पिठाच्या पदार्थांवर वाढणारा एक जिवाणू असा आहे की त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. बेल्जियममध्ये २००८ मध्ये एक वीस वर्षांचा विद्यार्थी पाच दिवस ओट्यावर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यामुळे दगावला. त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायच्या, एवढं पाळा.

भाज्या. दोघांना मिळून दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरे. नूडल्सपेक्षा भाजी जास्त झाली की पौष्टिक वाटतं, पण छोट्या शेगडीवर तीच पाणी सोडते. कोबी, गाजर, कांदा आणि पातीचा कांदा, बस. ढोबळी स्वस्त असेल त्या आठवड्यात अर्धी घ्या. मशरूम आणि टोमॅटो या कढईत नकोत. कोबी उभा चिरा, धागा दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवा. भजीसाठी चिरतो तसा बारीक केलात तर मिनिटात मान टाकतो. गाजर मात्र काडेपेटीच्या काडीइतकं बारीक, कारण त्याला शिजायला वेळ लागतो. चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर नाही. धुतलेला कोबी फडक्याने पुसून घ्या. हे ऐकून टिफिनवरची माझी मदतनीस हसते, पण फडकं किती ओलं होतं ते एकदा पिळून बघा.

सॉसच्या बाटल्या तीनच: डार्क सोया, पांढरं व्हिनेगर आणि लाल किंवा हिरवा चिली सॉस. चिली सॉसही नसला तरी चालतं, कारण आपल्याकडे तिखट आहे, मिरची आहे, ठेचा आहे. दोघांच्या नूडल्सना एक मोठा चमचा सोया, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा चिली सॉस, चिमूटभर साखर आणि पाव छोटा चमचा मिरपूड. मोठा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. मापाचे चमचे नसतील तर खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुऊन वापरा. हे सगळं आधीच एका वाटीत कालवून ठेवायचं. कढईवर उभं राहून एकेक बाटली उघडण्यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात लसूण जळतो. वेगळं मीठ अगदी शेवटी, चाखून. एका मोठ्या चमचा सोयात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतंच, शिवाय नूडल्स मिठाच्या पाण्यात उकडल्या आहेत.

शेजवान चटणीची बरणी घेऊ नका. ती महाग पडते, आणि तिच्यात तेल, मिरची, लसूण, व्हिनेगर एवढंच असतं, जे सगळं तुमच्या खोलीत आहे. भिजवलेल्या बेडगी मिरच्या आणि भरपूर लसूण वाटून तेलात मंद परतलात की तुमची चटणी तयार. चीनच्या सिचुआन प्रांताशी तिचा संबंध नावापुरताच. त्यात काही वाईट नाही. आपलं चायनीज हे मुळात कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांच्या हातून आणि भारतीय गिऱ्हाइकाच्या जिभेतून घडलं. मांचुरियन तर मुंबईतलं. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लसूण, आलं, हिरवी मिरची घेऊन वरून सोया आणि कॉर्नफ्लोअर घातलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. तेव्हा ‘अस्सल’ कशाला म्हणायचं या वादात मी पडत नाही.

अजिनोमोटोचं, म्हणजे चव वाढवणाऱ्या पांढऱ्या पुडीचं, विचारलं नाहीत, पण मनात असणारच. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून तिची चव वेगळी काढली. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्येही असते. अजिनोमोटोबद्दलची भीती वाढली ती अमेरिकेत १९६८ मध्ये एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रानंतर. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातला त्रास सातत्याने सिद्ध झाला नाही. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच असतं. गाडीवर मी घालायचो, टिफिनमध्ये घालत नाही, कारण गिऱ्हाईक फोन करून विचारतं आणि मला रोज तीच चर्चा नको असते. तुम्हाला घालायचं असेल तर दोघांत दोन चिमट्या, त्याहून जास्त झालं तर जिभेवर नुसता गोडसर थर येतो. मासे खात असाल तर त्याहून चांगला उपाय सांगतो: सुका जवळा. मूठभर जवळा निवडून कोरडा भाजायचा, हाताने चुरडायचा आणि लसणाबरोबर तेलात टाकायचा. थायलंडपासून मलेशियापर्यंत नूडल्सच्या कढईत सुकी कोळंबी असतेच, आपल्या जवळ्याचं काम तेच. फक्त खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि घरमालक शाकाहारी असेल तर विचार करा.

आता प्रत्यक्ष कढई. दोघांचं एकदम करायचं नाही. नूडल्स उकडल्यावर दुपटीहून जड होतात; तो सगळा ढीग छोट्या कढईत गेला की कढई गार पडते आणि पुन्हा वाफाळायला लागतं. एकेक प्लेट करा. दोन मिनिटं जास्त जातात, पण दोन्ही प्लेटा खाण्यासारख्या होतात. गाडीवरसुद्धा चार ऑर्डरी एकदम आल्या तर शहाणा माणूस दोन-दोनच टाकतो.

कढई मोठ्या आचेवर ठेवा आणि लगेच एक छोटा चमचा तेल घाला. नॉनस्टिक रिकामी तापवायची नाही, साधारण २६० अंशांपुढे तिचा लेप खराब व्हायला लागतो. तेल हललं की आधी फक्त भाज्या: गाजर अर्धं मिनिट, मग कांदा-कोबी पाऊण मिनिट. मीठ नाही, सॉस नाही. कोबी कडेने जरा करपल्यासारखा दिसला पाहिजे आणि आतून करकरीत. लगेच ताटलीत काढा. भाज्या बाहेर काढणं हा घरच्या शेगडीसाठीचा उपाय आहे, हॉटेलात याची गरज नसते. अंडं घालणार असाल तर याच वेळी तेलाच्या दोन थेंबांवर फोडा, ढवळा, अर्धवट आवळलं की तेही ताटलीत.

मग एक मोठा चमचा तेल, त्यात चिरलेला लसूण तीन-चार पाकळ्यांचा आणि थोडं आलं. वाटलेली पेस्ट नको, ती ओली असते आणि चिकटते. लसणाचा वास सुटला की एका प्लेटच्या नूडल्स टाका, पसरा आणि हात मागे घ्या. मिनिटभर हलवायच्याच नाहीत. कमी आचेवर सतत ढवळत राहिलं की नूडल्स तुटतात आणि पीठ सुटतं. स्वस्थ ठेवल्या तर खालचा थर खरपूस होतो आणि भट्टीच्या धुराने जी चव येते तिच्या जवळपास काहीतरी मिळतं. खालून सोनेरी डाग पडले की उलथन्याने उलटा, आणखी अर्धं मिनिट. आता ताटलीतल्या भाज्या परत, वाटीतला निम्मा सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या कडेने, दोन चिमट्यांनी किंवा दोन काट्यांनी उचलून उचलून मिसळा. वीस सेकंदांत सॉस आत शोषला गेला पाहिजे. तळाला पाणी दिसलं तर पुढच्या प्लेटला सॉस अजून कमी करा. गॅस बंद करून पात भुरभुरवा. हवं तर सॉसमधलं व्हिनेगर वगळून ते शेवटी थेंबभर वरून शिंपडा, वास जास्त टिकतो. मी तसंच करतो.

गाडीवर नूडल्स हवेत उडवतात ते घरी करू नका. उडवल्याने जळत्या वाफेतून नूडल्स जातात, हे खरं, पण ती वाफ तयार करणारी आगच तुमच्याकडे नाही. उडवलेल्या नूडल्स फक्त गार होतात.

एवढं करूनही मी तुम्हाला आठवड्यातून चार दिवस वेगळाच प्रकार करायला सांगेन, ज्यात कढई लागतच नाही. चीनमधल्या वुहान शहरात सकाळच्या न्याहारीला कोरड्या गरम नूडल्स खातात. तिथले विक्रेते क्षाराच्या नूडल्स आधी अर्धवट उकडतात, तेल लावून पंख्याने गार करून ठेवतात, आणि गिऱ्हाईक आलं की जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात काही सेकंद बुचकळतात. वर तिळाची दाट पेस्ट, सोया, मिरचीचं तेल, लोणच्यातल्या भाजीचे तुकडे, पात. कालवा आणि खा, बरेच जण चालता चालताच. रस्सा नाही, परतणं नाही. एका बर्नरसाठी याहून सोयीचं मला काही माहीत नाही.

तिळाची पेस्ट आपल्याकडे बाटलीत महाग मिळते, पण शेंगदाण्याचा कूट तुमच्या डब्यात असेलच, निदान आईने पाठवलेला तरी. दोघांसाठी चार मोठे चमचे कूट आणि एक मोठा चमचा भाजलेले तीळ. मिक्सर असेल तर दोन्ही एकत्र इतके फिरवा की तेल सुटून गोळा व्हायला लागेल. नसेल तर खलबत्त्यात जितकं होईल तितकं कुटा, रवाळ राहिलं तरी चव जात नाही. शेंगदाणे मंद आचेवर सालीला डाग पडेपर्यंत भाजलेले हवेत, कच्चट कूट इथे लगेच कळतो. एका मोठ्या वाडग्यात कूट, दीड मोठा चमचा सोया, दोन छोटे चमचे व्हिनेगर, एक छोटा चमचा गूळ किंवा साखर, लसणाच्या दोन पाकळ्या किसून. आता नूडल्स उकळत असलेलं पाणी चमच्या-चमच्याने घालत कालवा. सुरुवातीला मिश्रण फुटल्यासारखं, घट्ट होतं. घाबरू नका, आणखी पाणी घाला, पाच-सहा चमच्यांनंतर ते एकदम मऊ आणि फिकट होतं. त्या पाण्यात पीठ असल्यामुळे दाण्याचं तेल वेगळं होत नाही. दही पातळ केल्यावर दिसतं तेवढं दाट झालं की थांबा. या पदार्थात पाणी चालतं, कारण इथे ते उडवायचं नाहीये.

नूडल्स या वेळी पूर्ण शिजू द्या, पांढरा ठिपका न ठेवता. धुवायच्याही नाहीत, निथळून गरमच वाडग्यात टाका आणि पटापट कालवा. सकाळी उकडून ठेवल्या असतील तर उकळत्या पाण्यात वीस सेकंद बुडवून काढा. वर काकडी किंवा कच्चं गाजर किसून, पात, आणि लोणच्यातल्या भाजीच्या जागी मिठात दहा मिनिटं ठेवून पिळलेला मुळा. कैरीचं लोणचं घालून पाहिलं तर मोहरी आणि हिंग सगळ्यावर बसतात, म्हणून ते मी सुचवत नाही.

मिरचीचं तेल मात्र हवंच. एका वेळी आठवड्याभराचं करा. स्टीलच्या वाटीत दीड मोठा चमचा बेडगी किंवा काश्मिरी तिखट, एक छोटा चमचा तीळ, चिमूट मीठ. अर्धी वाटी तेल कडकडीत तापवून गॅस बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. तिखटाचे चार कण टाकून बघा: फेस येऊन लाल राहिले तर ओता, काळे पडले तर अजून थांबा. तेल तिखटावर ओतताना वाटी ताटात ठेवा, फेस वर येतो.

आणि इथे कोकणातली एक वस्तू अगदी चपखल बसते. सिचुआन-वुहानकडच्या जेवणात जीभ झिणझिणवणारी जी मिरी असते, ती आपल्या तिरफळाच्या कुळातली आहे; बांगड्याच्या आमटीत घालतो तेच तिरफळ. सुकं तिरफळ मालवणी मसाल्याच्या दुकानात पुण्यात सहज मिळतं आणि थोडंसं पुष्कळ दिवस पुरतं. आतलं काळं बी काढून टाका, ते कडू आणि कचकचीत लागतं. तीन-चार टरफलं तव्यावर किंचित गरम करून चुरडा आणि मिरचीच्या तेलात टाका. चव हुबेहूब तीच नाही, तिरफळाचा वास जास्त हिरवा, लिंबाच्या सालीकडे झुकणारा आहे. पण ओठांवर तीच झिणझिण येते, आणि बाजारातल्या कुठल्याही शेजवान बरणीपेक्षा हे तेल त्या प्रांतांच्या जास्त जवळचं आहे.

खर्चाचं म्हणाल तर नूडल्सचं पाकीट सोडून या वाडग्यातलं बाकी सगळं घरातलं आहे. गाडीवरच्या एका फुल प्लेटच्या पैशांत तुमच्या दोघांचं पोट भरतं, शिवाय दाण्यांमुळे प्रथिनं मिळतात. नुसत्या मैद्याने तासाभरात पुन्हा भूक लागते ते होत नाही.

राहिला कढईचा प्रश्न. दाण्याच्या नूडल्ससाठी काहीच घ्यायला नको. परतलेल्यांसाठी लोखंडी कढई घेतलीत तर फरक दिसेल, कारण ती न घाबरता तापवता येते आणि कडेने ओतलेला सॉस तिच्यावर क्षणात करपतो. पण जाड बिडाची नको. ती तापायलाच तुमच्या शेगडीवर दहा मिनिटं घेते आणि एका हाताने उचलत नाही. पातळ पत्र्याची, बुडाशी थोडी सपाट, दहा-अकरा इंचांची बघा. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांत किलोवर मिळते. घरी आणल्यावर साबणाने घासून कारखान्याचं तेल काढा, गॅसवर कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, गार करा, असं तीन-चारदा. नंतर धुतल्यावर लगेच शेगडीवर वाळवायची, ओली ठेवलीत की सकाळी गंज. पहिला महिना तिच्यात अंडं, कांदा, बटाट्याच्या काचऱ्या करा. नूडल्समधलं चमचाभर व्हिनेगर तिला सोसतं, पण टोमॅटोचा रस्सा किंवा चिंचेची आमटी करू नका, तेल तापवून बसवलेला सगळा लेप निघून येतो.